रात्री भात बंद, तरी सकाळची साखर चढलेली. इन्सुलिन लिव्हरला चिकटतच नाही का?

पाजपंढरीची लेक

नमस्कार. मी दापोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. घर पाजपंढरीत. प्रश्न बाबांच्या साखरेवरून पडलाय, पण मला औषध विचारायचं नाहीये, ते डॉक्टर देतायत. आत नेमकं काय चालतं ते समजून घ्यायचंय.

बाबा तांडेल आहेत, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, वय ५२. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यामुळे सध्या घरी आहेत. ही संधी साधून मी त्यांची साखर रोज वहीत लिहायला लागले. रात्री साडेसातला जेवण, भात पूर्ण बंद, एक तांदळाची भाकरी आणि कालवण. झोपताना १३१. त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही. आणि सकाळी सहाला १६८! एखाद्या दिवशी झालं असतं तर मशीनची चूक म्हटलं असतं. अकरा दिवसांतले नऊ दिवस सकाळचा आकडा रात्रीपेक्षा जास्त आहे.

आई म्हणते, बाबा रात्री उठून डब्यातले लाडू खातात. बाबा म्हणतात, समुद्राची शपथ, हात लावला नाही. ह्यावरून घरात चांगलीच बोलाचाली झाली. बाबा दोन दिवस आईशी नीट बोलले नाहीत. मला बाबांचं खरं वाटतं, पण सिद्ध कसं करू?

डॉक्टरांनी लॅबमधून उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन दोन्ही करून घेतलं. साखर १६२, इन्सुलिन २४, त्याभोवती डॉक्टरांनी लाल गोल केलाय. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड २. आता मला सांगा, इन्सुलिन भरपूर आहे आणि साखरही भरपूर आहे, हे एकत्र कसं? आमच्या पुस्तकात कुलूप आणि किल्लीचं चित्र आहे. किल्ली आहे, मग दार का उघडत नाही? लिव्हरवरचे रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिन जिथे बसतं ती कुलपं, संपलीत का? आणि मुळात हॉर्मोन लिव्हरला चिकटलं की नाही हे माणसं मोजतात तरी कसं? डोळ्यांना तर दिसत नाही.

वायरीचो

माज्या आवशीचा पन तसाच. रात्री निस्ती पेज जेवता आनि सकाळी बघलास तर साखर वर. आमी पन तिका उगीच बोललव. बापाशीक बोल लावू नको गो.

देवगडकर

रिसेप्टर बंद पडतात हे खरं आहे. आमच्याकडे एक काका कडूकिराईताचा काढा देतात, त्याने रिसेप्टर पुन्हा उघडतात म्हणे. विचारून बघा.

आंजर्लेकर काकू

अगो, आधी आईला सांग की बाबा खरं बोलतायत. ती साखर डब्यातली नाही. त्यांच्या लिव्हरने ती रात्रीत तयार करून रक्तात सोडली आहे.

मी तुझ्या गावापासून खाडीपलीकडे, आंजर्ल्यात राहते. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत टेक्निशियन म्हणून १९८३ साली लागले आणि पहिली अकरा वर्षं ज्या विभागात होते तिथे हेच काम चालायचं: उंदराच्या आणि माणसाच्या लिव्हरच्या तुकड्यावर कुठलं हॉर्मोन किती चिकटतं ते मोजणं. तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी हे विचारलं म्हणून बरं वाटलं. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा रात्रीचा हिशोब. आपण झोपलो तरी मेंदू झोपत नाही, त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. जेवण नसताना ते पुरवायचं काम मुख्यतः लिव्हरचं. साठवलेल्या ग्लायकोजेनमधून, म्हणजे साखरेच्या साठ्यातून, थोडं मोडून देतं आणि थोडं नव्याने बनवतं. सत्तर किलोच्या निरोगी माणसाचं लिव्हर आठ तासांत साठ-सत्तर ग्रॅम साखर रक्तात सोडतं. चांगली मूठभर झाली ही. लाडवाची गरजच नाही. ह्या लिव्हरला दोन बाजूंनी दोन आवाज ऐकू येत असतात. इन्सुलिन सांगतं, पुरे. ग्लुकागॉन सांगतं, आणखी सोड. पहाटे कॉर्टिसॉलही वाढतं आणि तेही ग्लुकागॉनच्याच बाजूने बोलतं. बाबांच्या लिव्हरला ‘पुरे’ हा शब्द नीट ऐकू जात नाहीये.

आता तुझं ‘चिकटत नाही का’. ह्याचं उत्तर द्यायचं तर मोजतात कसं ते आधी सांगावं लागेल.

माणसाच्या लिव्हरचा तुकडा आमच्याकडे ऑपरेशन थिएटरमधून यायचा. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनला तपासणीसाठी लिव्हरचा तुकडा घ्यायचाच असेल, आणि पेशंटने आधी संमती दिलेली असेल, तर त्यातला सुपारीच्या खांडाएवढा भाग आम्हाला मिळायचा. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुपी, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावत यायचं. आल्या आल्या थंड सलाइनने रक्त धुवायचं, कात्रीने बारीक कापायचं, काचेच्या जाड नळीत साखरेच्या थंड द्रावणात टाकायचं. मग टेफ्लॉनचा दांडा त्यात फिरवून घुसळायचं. दांडा मोटरवर फिरतो आणि नळी आपण दोन्ही हातांनी खाली-वर करायची, सात-आठ वेळा, अगदी सावकाश. नळी खाली ओढताना ती दांड्याला धरून बसते, सोडत नाही, मनगटाला एक ओढ लागते. ती ओढ अजून माझ्या हातात आहे. घाई केली तर फेस येतो आणि फेसात प्रथिनं खराब होतात. शेवटी नळीत जे राहतं ते नाचणीच्या आंबिलीसारखं दिसतं, रंगही जवळपास तोच.

ते सेंट्रिफ्यूजमध्ये आधी हळू फिरवायचं. न फुटलेल्या पेशी आणि केंद्रकं तळाला बसतात. वरचं पाणी घेऊन पुन्हा खूप जोरात फिरवायचं, तेव्हा तळाशी बदामी रंगाची पातळ चकती मिळते. ती म्हणजे पेशींची पटलं, त्यांची बाहेरची आवरणं. इन्सुलिनचे, ग्लुकागॉनचे, ग्रोथ हॉर्मोनचे रिसेप्टर ह्या पटलांवर असतात. कॉर्टिसॉल किंवा इस्ट्रोजेनसारख्या स्टेरॉइड हॉर्मोनचं वेगळं. ती पटल ओलांडून आत जातात आणि त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आत असतात. त्यांच्यासाठी चकती नाही, वरचं पाणी ठेवायचं, आणि न चिकटलेलं हॉर्मोन कोळशाच्या पुडीने शोषून काढायचं. तो काळा कोळसा नखांत जाऊन बसायचा. पण ते असू दे, आपण इन्सुलिनकडे येऊ.

इन्सुलिन दिसत नाही हे तुझं बरोबर. म्हणून त्याला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावतात, आयोडीन-१२५. त्याचा अर्धा जोर साठ दिवसांत ओसरतो, म्हणून बाटली आली की कामाची घाई असे. खुणेच्या हॉर्मोनला लॅबमध्ये सगळे ‘हॉट’ म्हणत, बिनखुणेच्या साध्याला ‘कोल्ड’. हॉर्मोन मोजायला अशी खूण वापरण्याची वाट रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन ह्यांनी १९५९-६० च्या सुमारास घालून दिली, आणि यालोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच वारले होते. लिव्हरच्या पटलावर खुणेचं इन्सुलिन खास जागीच चिकटतं, हे १९७१ मध्ये अमेरिकेत फ्रेशे, रॉथ आणि नेव्हिल ह्यांनी दाखवलं. आम्ही करायचो ती त्याच पद्धतीची पुढची आवृत्ती.

टेस्ट ट्यूबच्या दोन रांगा लावायच्या. पहिल्या रांगेत पटल आणि हॉट इन्सुलिन. दुसऱ्या रांगेत तेच, शिवाय भरमसाट कोल्ड इन्सुलिन. दोन्ही रांगा रात्रभर ४ अंशांवर, कारण लिव्हर इन्सुलिन मोडून टाकण्यात पटाईत, उबेत ठेवलं तर सकाळपर्यंत मोजायला काही उरत नाही. सकाळी फिरवून पाणी टाकून द्यायचं आणि तळाच्या चकतीतले काउंट, म्हणजे किरणांची मोजणी, मशीनवर घ्यायचे. समजा पहिल्या रांगेत ८,४०० आले आणि दुसऱ्या रांगेत १,३००. खरं चिकटलेलं फक्त ७,१००.

का वजा करायचं? हे मला पहिल्या वर्षी कुणी धड सांगितलं नव्हतं. मग मी माझ्यासाठी आपल्या खाडीचं उदाहरण तयार केलं आणि पुढे प्रत्येक नव्या मुलीला तेच सांगत आले. वादळाचा बावटा लागला की हर्णैच्या होड्या आमच्या खाडीत शिरतात, तुझे बाबाही आणत असतील. समज, खाडीत होडी बांधायला शंभर खुंट आहेत. होड्या येतील तशा खुंट भरत जातील, आणि शंभर भरले की संपलं. पण होड्या थांबत नाहीत, उरलेल्या चिखलात टेकतात. चिखलाला मोजमाप नाही, कितीही येऊ देत. आता कड्यावरच्या गणपतीपाशी उभं राहून वरून मोजलंस तर एकूण होड्या कळतील, खुंटाला किती आणि चिखलात किती हे कळणार नाही. मग काय करायचं? थोड्या होड्यांना लाल रंग द्यायचा, आणि त्यांच्याबरोबर हजारो बिनरंगी होड्या आत सोडायच्या. खुंट बिनरंगी होड्याच अडवून बसतील. तरीही आत ज्या लाल होड्या दिसतील त्या चिखलातल्याच. तेवढ्या वजा केल्या की खुंटाला लागलेल्या लाल होड्या मिळाल्या.

ह्यात दोन गोष्टी हाताला लागतात. खुंट एकूण किती, ही एक. आणि बाहेर किती होड्या असल्या म्हणजे निम्मे खुंट भरलेले दिसतात, ही दुसरी. थोड्याच होड्यांत निम्मे भरले तर पकड घट्ट, पुष्कळ लागल्या तर पकड सैल. १९४९ मध्ये स्कॅचर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हे आलेखावर मांडायची पद्धत दिली, त्यात एका रेघेवरून दोन्ही आकडे वाचता येतात. आम्ही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने ठिपके मांडून पट्टी लावत असू.

इन्सुलिनचे ठिपके मात्र पट्टीवर बसत नसत. रेघ आत वळायची. मला वाटायचं माझाच हात चुकला. मग सरांनी सांगितलं की हे १९७३ पासून माहीत आहे: एका रिसेप्टरवर इन्सुलिनला बसायच्या जागा एकापेक्षा जास्त, आणि दुसरं इन्सुलिन येऊन बसलं की पहिल्याची पकड ढिली होते. म्हणून म्हणते, ते कुलूप-किल्लीचं चित्र मनातून काढून टाक. किल्ली लोखंडाची असते, ती बदलत नाही. इन्सुलिन बसताना स्वतः उलगडतं, त्याच्या साखळीचं एक टोक बाजूला सरकतं. हे २०१३ साली रिसेप्टरवर बसलेल्या इन्सुलिनची रचना मिळाली तेव्हा स्पष्ट झालं. आणि रिसेप्टरही आपला आकार बदलतो. दोघंही एकमेकांसाठी वळतात आणि थोड्या वेळाने सुटतात. सतत कोणी बांधतंय, कोणी सोडतंय. आपण मोजतो तो ह्या येण्या-जाण्याचा तोल.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८६ च्या पावसात एक तुकडा आला. संमतीपत्रावर अंगठा होता, साठीच्या बाई होत्या. थिएटरमध्ये कुणीतरी कुपी बर्फात ठेवायची विसरलं आणि ती दीड तास तशीच टेबलावर राहिली. मला कुणी सांगितलं नाही. मी रात्री आठपर्यंत थांबून सगळं केलं, दुसऱ्या दिवशी मोजलं तर दोन्ही रांगांचे आकडे जवळजवळ सारखे. लिव्हरमध्ये स्वतःचीच पाचक द्रव्यं इतकी असतात की उबेत तासाभरात रिसेप्टरची वाट लागते. चिखल तेवढा उरला होता, खुंट गेले होते. त्या बाईंनी विश्वासाने दिलेली वस्तू आम्ही वाया घालवली, ह्याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी थर्मास घेऊन स्वतः थिएटरच्या दारात उभी राहायला लागले.

आता हात दुखला. बाबांच्या लिव्हरचं उद्या लिहिते.

पाजपंढरीची लेक

काकू, मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. होड्यांचं ऐकून बाबा आतून बाहेर आले आणि म्हणाले, चिखलात टेकलेली होडी भरतीला आपोआप सुटते, खुंटाची सोडावी लागते. तसंच आहे का तिथे?

उद्याची वाट बघतेय. एक मात्र अजून कळत नाही. खुंट कमी झालेत की पकड सैल झालीय? बाबांचं ह्यातलं कुठलं?

आंजर्लेकर काकू

बाबांना नमस्कार सांग. बऱ्याच अंशी तसंच आहे. चिखलातलं धुतलं की बहुतेक निघून जातं, खुंटाचं आपल्या वेळेने सुटतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला आवडेल असं नाही: दोन्ही नाही, किंवा थोडंसं पहिलं. मुख्य बिघाड चिकटण्याच्या पुढे आहे.

खुंट कमी होतात हे खरं. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेते. लठ्ठ उंदरांच्या लिव्हरवर इन्सुलिन कमी चिकटतं हे १९७३ मध्येच दिसलं होतं. पण खाणं आणि इन्सुलिन कमी केलं की संख्या पुन्हा भरते. रिसेप्टर कायमचे मेलेत आणि काढ्याने उघडतील, असं काही नसतं. देवगडकर, राग मानू नका. तुमच्या काकांचा हेतू चांगला असेल. पण ज्या लिव्हरला आधीच सूज असू शकते त्याला काय घटक आहेत ते ठाऊक नसलेला काढा देऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

शिवाय खुंट थोडे कमी झाले म्हणून काम लगेच अडत नाही. चरबीच्या पेशींवर पाहिलेलं आहे की अगदी थोड्या रिसेप्टरवर इन्सुलिन बसलं तरी पेशी पूर्ण काम करते. बाकीचे राखीव असतात.

मग अडतं कुठे? इन्सुलिनच्या रिसेप्टरचे दोन भाग पेशीबाहेर असतात, त्यांवर इन्सुलिन बसतं. त्यांना जोडलेले दोन भाग पटलातून आत जातात. बाहेर इन्सुलिन बसलं की आतला भाग स्वतःवर आणि शेजारच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतो, आणि तिथून निरोप पुढे जातो. हर्णैला होडी नांगरली म्हणजे मासळी लिलावात पोहोचली असं नाही ना. ती बैलगाडीत घालून किनाऱ्यापर्यंत आणावी लागते. लिव्हरच्या पेशीत चरबी साचली की त्या चरबीपासून होणारे काही पदार्थ ह्या आतल्या कामात अडथळा आणतात, असं आज बरेच संशोधक मानतात. होडी लागलेली आहे, गाडी रुतली आहे.

त्यातही वाईट असं की सगळ्या गाड्या रुतत नाहीत. ‘साखर बनवणं थांबव’ हा निरोप पोहोचत नाही, पण ‘चरबी बनव’ हा पोहोचतच राहतो. इन्सुलिन जास्त म्हणून चरबी जास्त, चरबी जास्त म्हणून साखरेचा निरोप आणखी कमी. तुझ्या हातातल्या तिन्ही गोष्टी, १६२ साखर, २४ इन्सुलिन आणि ग्रेड २, ह्या अशा एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. आणि त्या २४ मागे आणखी एक कारण आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन पोर्टल व्हेनने आधी लिव्हरमध्येच येतं, आणि निरोगी लिव्हर त्यातलं जवळजवळ निम्मं तिथेच धरून, पेशीत ओढून मोडून टाकतं. धरायला वापरतं तेच रिसेप्टर. चरबी झालेलं लिव्हर हे मोडण्याचं काम कमी करतं, म्हणून जास्त इन्सुलिन पुढे रक्तात जातं.

खरोखर ‘चिकटतच नाही’ असं कधी असतं, तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. १९६६ मध्ये इस्रायलच्या झ्वी लॅरॉन ह्यांनी काही अतिशय बुटक्या मुलांचं वर्णन केलं. वाढ खुंटलेली, पण रक्तात ग्रोथ हॉर्मोन भरपूर. तुझ्या प्रश्नासारखाच प्रश्न. १९८४ साली अशा दोन पेशंटच्या लिव्हरच्या तुकड्यावर खुणेचं ग्रोथ हॉर्मोन लावून पाहिलं, आणि ते चिकटलंच नाही. आमच्या विभागात तो निबंध वाचला गेला ती दुपार मला आठवते. आम्ही रोज काढत होतो त्याच दोन रांगांमधला फरक, आणि त्यांच्याकडे तो फरकच नाही. अठरा वर्षं मुलांच्या घरच्यांना न सुटलेलं कोडं दोन ट्यूबांच्या वजाबाकीने सुटलं. पुढे १९८७ मध्ये ससा आणि माणूस ह्यांच्या लिव्हरमधून त्या रिसेप्टरचा जीन हाती आला, आणि १९८९ मध्ये अशा पेशंटमध्ये त्या जीनचे दोष सापडले. तिथे खुंटच मोडका होता. बाबांचं तसं नाही, म्हणूनच त्यांच्या बाबतीत सुधारायला जागा आहे.

आणि सोडण्याबद्दल, बाबांनी विचारलंय म्हणून. मार्टिन रॉडबेल १९७१ च्या सुमारास उंदराच्या लिव्हरच्या पटलावर ग्लुकागॉन चिकटवून बघत होते. त्यात जीटीपी नावाचं छोटं द्रव्य घातलं तर ग्लुकागॉन लवकर सुटायला लागलं. वाटावं की काम बिघडलं. पण त्याच जीटीपीशिवाय निरोप आत नीट पोहोचत नव्हता. ह्या धाग्यावरून पुढे निरोप आत नेणारी जी-प्रोटीन सापडली आणि १९९४ चं नोबेल रॉडबेल आणि गिलमन ह्यांना मिळालं. घट्ट धरून बसणं म्हणजे चांगलं काम, असं मी तोवर धरून चालले होते.

कुडाळचा फिजिशियन

काकूंनी छान समजावलंय. माझ्याकडून तीनच गोष्टी, बाकी त्यांचे डॉक्टर आहेतच.

मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असेल तर ते रिसेप्टरवर बसत नाही, लिव्हरचं साखर सोडणं कमी करतं. म्हणून उपाशीपोटीच्या आकड्यावर त्याचा परिणाम दिसतो. दुसरं, ऑगस्टमध्ये बोट सुरू झाली की जेवणाच्या वेळा बदलणार. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर उपाशी राहून जाळं ओढताना साखर एकदम उतरू शकते. बोटीवर साखरेची पुडी ठेवा आणि खलाशांपैकी एकाला तरी लक्षणं सांगून ठेवा. तिसरं, फॅटी लिव्हरवर आजही सगळ्यात भरवशाचं म्हणजे वजन. सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरमध्ये फरक दिसतो. दारू असेल तर पूर्ण बंद.

रिसेप्टरचा विषय निघालाच आहे म्हणून: लिव्हरमध्ये थायरॉइड हॉर्मोनचा जो बीटा प्रकारचा रिसेप्टर असतो, त्यावर बसणारं रेस्मेटिरॉम हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते सूज आणि वण (फायब्रोसिस) पडलेल्या फॅटी लिव्हरसाठी आहे, ग्रेड २ बघून लगेच घ्यायचं नव्हे.

पाजपंढरीची लेक

सगळ्यांचे आभार. काल रात्री मी आणि आई दोघी बाबांबरोबर जागलो. लाडवाचा डबा आईने स्वतःच्या उशाशी ठेवला. झोपताना १३४, तीन वाजता १४१, सहाला १७०. तीनला बोट टोचताना बाबा अर्धवट झोपेत म्हणाले, आता तरी पटलं? सकाळी आईने वही घेतली आणि ते तीन आकडे तिच्या हाताने लिहिले. मग बाबांना चहा दिला, बिनसाखरेचा.

काकू, शेवटचा प्रश्न. बाबांचं लिव्हर किती ऐकतंय हे पुढे कळायला त्यांचा तुकडा काढावा लागेल का? आईला त्याचीच भीती वाटतेय.

आंजर्लेकर काकू

नाही गो, त्यासाठी तुकडा काढायचा नसतो. आम्ही तुकड्यावर काम केलं ते यंत्रणा कळावी म्हणून. एका माणसाचं ठरवायला त्याच्या उपाशीपोटीच्या रक्ताचे दोन आकडे पुरेसं सांगतात. साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. ही पद्धत १९८५ मध्ये ऑक्सफर्डहून आली आणि ती अशी बेतली आहे की निरोगी तरुण माणसात उत्तर १ च्या आसपास यावं. बाबांचं करून बघ: १६२ गुणिले २४, भागिले ४०५, म्हणजे ९.६. हा आकडा जितका खाली येईल तितका ‘पुरे’ हा शब्द आत पोहोचायला लागला असं समज. दोन्ही एकाच दिवशीच्या, एकाच नळीतल्या रक्ताचे हवेत, आणि दर वेळी त्याच लॅबमधून.

आईला सांग, घाबरू नकोस. रात्रीचं जागरणही आता पुरे, रोज तीनला टोचू नका. बोट सुरू होऊन दोन महिने झाले की दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासा, वजनही लिहून ठेव, आणि जो आकडा येईल तो इथे कळव. मी बघत असेन. आणि बावटा लागून बाबा कधी खाडीत आले तर त्यांना वर घरी चहाला पाठव.